जोडधंद्याची कारकीर्द : म्यूर दांपत्य आणि आपली मूल्यश्रेणी

१

मराठीत कादंबरीच्या घाटाची चर्चा करताना ज्या मोजक्या पाश्चात्त्य समीक्षकांचा आधार घेतला जातो, त्यांत एडविन म्यूर हे नाव जुने आहे. 'द स्ट्रक्चर ऑफ द नॉव्हेल' (१९२८) हे त्याचे छोटेखानी पुस्तक. त्यातील कृतिप्रधान, व्यक्तिप्रधान आणि नाट्यात्म कादंबरी हे वर्गीकरण. व्यक्तिप्रधान कादंबरी अवकाशात पसरते आणि नाट्यात्म कादंबरी काळात घडते हा त्यातील सिद्धान्त, या गोष्टी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अपरिचित नाहीत. दुसरीकडे, साठोत्तरी कथा-कादंबरीविषयी लिहिताना फ्रान्झ काफ्काचे नाव घेतल्याशिवाय आपले पान हलत नाही. विलास सारंगांच्या कथेपासून पुढे जिथे जिथे दुःस्वप्नसदृश अनुभव आढळतो, तिथे तिथे 'काफ्कासदृश' हे विशेषण आपण लावून मोकळे होतो.

या दोन गोष्टी आपल्या समीक्षेत परस्परांना कधी भेटत नाहीत. काफ्का मराठी लेखकाकडे आला तो मुख्यतः इंग्रजीतून. 'द कॅसल' (१९३०), 'द ट्रायल' (१९३७), 'अमेरिका' (१९३८) ही जी इंग्रजी पुस्तके दीर्घकाळ जगभर वाचली गेली, ती याच एडविन म्यूरने आणि त्याच्या पत्नीने, विला म्यूरने, जर्मनमधून केलेली होती. म्हणजे कादंबरीचे व्याकरण ज्याच्याकडून घेतले आणि कादंबरीचे ते व्याकरण मोडणारा लेखक ज्याच्या शब्दांतून वाचला, तो माणूस एकच होता. किंबहुना एकच नव्हता, दोन होते. आणि हाच या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखाचा रोख म्यूर दांपत्याच्या गुणगौरवाकडे नाही. तो एका मूल्यश्रेणीविरुद्ध आहे. या श्रेणीत 'स्वतंत्र' निर्मिती सर्वांत वर, समीक्षाग्रंथ तिच्या खाली, नियतकालिकातले पुस्तकपरीक्षण त्याहून खाली आणि अनुवाद तळाशी असतो. या उतरंडीने कादंबरी, परीक्षण आणि जर्मनमधून अनुवाद या तिन्ही क्षेत्रांत वावरलेल्या एका कारकिर्दीचे वाचन कसे बिघडवले, हे दाखवणे हा पहिला हेतू. तीच उतरंड आपल्या विद्यापीठांत आणि वाङ्मयेतिहासांत आजही निर्वेधपणे चालू आहे, हे दाखवणे हा दुसरा.

२

प्रथम वस्तुस्थिती. एडविन म्यूरचा जन्म १८८७चा, ऑर्कनी बेटांवरचा, शेतकरी कुटुंबातला. १९०१मध्ये हे कुटुंब ग्लासगोला आले आणि थोड्याच वर्षांत आई, वडील व दोन भाऊ मृत्यू पावले. म्यूर कारकुनी करीत राहिला. विद्यापीठीय शिक्षण त्याला मिळाले नाही. नीत्शे त्याने वाचला तो इंग्रजी अनुवादांतून, आणि त्या वाचनातून त्याचे पहिले पुस्तक 'वी मॉडर्न्स' (१९१८) टोपणनावाने निघाले. जर्मन विचार परभाषेच्या खिडकीतून पाहणारा वाचक, ही त्याची पहिली ओळख. मराठी वाचकाच्या स्थितीशी तिचे साम्य उघड आहे.

विला अँडरसनचा जन्म १८९०चा, माँट्रोजचा. तिने सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ग्रीक-लॅटिनचे अध्ययन केले आणि प्रथम श्रेणी मिळवली. १९१९मध्ये दोघांचा विवाह झाला. १९२१मध्ये ती दोघे प्रागला गेली. पुढे ड्रेस्डेनजवळचे हेलराउ, इटली, साल्झबुर्ग, व्हिएन्ना असा प्रवास झाला. या काळात एका अमेरिकन साप्ताहिकासाठी एडविन लेख लिहीत होता आणि त्या लेखांच्या मानधनावर संसार चालत होता. जर्मन भाषा दोघांनी तिथेच, राहता-राहता, आत्मसात केली. परतल्यावर हाउप्टमानची नाटके, फॉइश्टवांगरची 'ज्यू स्यूस' (१९२६) आणि 'द अग्ली डचेस' (१९२७), लुडविग रेनची युद्धकादंबरी 'वॉर' (१९२९), काफ्का, हेरमान ब्रॉखची 'द स्लीपवॉकर्स' (१९३२) अशी अनुवादांची मोठी मालिका सुरू झाली. 'अ‍ॅग्नेस नील स्कॉट' या नावाने विलाने हान्स कारोसाची पुस्तके एकटीने इंग्रजीत आणली.

याच वर्षांत एडविनच्या तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या : 'द मॅरिओनेट' (१९२७), 'द थ्री ब्रदर्स' (१९३१), 'पुअर टॉम' (१९३२). विलाच्या दोन : 'इमॅजिन्ड कॉर्नर्स' (१९३१) आणि 'मिसेस रिची' (१९३३). एडविनने १९३३ ते १९४५ या काळात 'द लिसनर'मध्ये नव्या कादंबऱ्यांची परीक्षणे नेमाने लिहिली आणि पुढे 'ऑब्झर्व्हर'मध्येही तो लिहीत राहिला. त्याची कविता १९२५पासून प्रकाशित होत होती, टी. एस. एलियटने तिची निवड १९६५मध्ये संपादित केली, तेव्हा एडविनला जाऊन सहा वर्षे झाली होती. विला १९७०मध्ये गेली.

या तपशिलांकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. ही पुस्तके एकामागून एक ठेवलेल्या वेगवेगळ्या कप्प्यांत लिहिली गेलेली नाहीत. ती एकाच घरात, एकाच टेबलावर, एकाच आठवड्यात लिहिली गेली आहेत. १९३१-३२ या दोन वर्षांत या घरातून तीन कादंबऱ्या आणि ब्रॉखचा त्रिखंडात्मक अनुवाद बाहेर पडला. असे असताना कादंबरीकार म्यूर, समीक्षक म्यूर, अनुवादक म्यूर अशा तीन व्यक्ती कल्पून त्यांचे स्वतंत्र हिशेब मांडणे ही निव्वळ प्रबंधलेखनाची सोय आहे.

३

म्यूरवरील चर्चेत एक विलाप वारंवार आढळतो. तो असा की पोटासाठी कराव्या लागलेल्या अनुवादांनी आणि परीक्षणांनी मूळचा कवी आणि कादंबरीकार खाल्ला. हे ओझे नसते तर त्याने अधिक आणि अधिक चांगले लिहिले असते. या विलापाला खुद्द म्यूरच्या आत्मचरित्रात आधार सापडतो, कारण अनुवाद ही आरंभी सोय होती आणि पुढे ती सक्ती झाली असे त्याने सुचविले आहे. परंतु लेखकाने आपल्या श्रमाविषयी काढलेले कष्टी उद्गार हा त्या श्रमाच्या फलिताचा पुरावा होत नाही.

कालक्रम काय सांगतो ते पाहावे. म्यूरचा पहिला कवितासंग्रह निघाला तेव्हा तो अडतिशीला टेकला होता. त्या संग्रहात बॅलडच्या वळणाची, उसनी वाटणारी कविता बरीच आहे. ज्या कवितेसाठी त्याचे नाव राहिले ती पन्नाशीनंतरची आहे. 'द लॅबिरिंथ' (१९४९) हा संग्रह काफ्काच्या तिन्ही कादंबऱ्यांच्या अनुवादानंतरचा आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या प्रागमधील वास्तव्याशी निगडित आहे. न संपणारी वाट, आत शिरता न येणारी वास्तू, चुकलेला प्रवासी या त्याच्या प्रौढ कवितेतील प्रतिमा त्याने वर्षानुवर्षे ओळीओळीने इंग्रजीत घडवल्या होत्या. अनुवादाने कवी खाल्ला असता तर तो अनुवादाच्या दशकानंतर असा उभा राहिला नसता. उलट, अनुवादापूर्वीचा कवीच किरकोळ होता असे म्हणावे लागते.

कादंबरीविषयी हे विधान थोड्या सावधपणे करावे लागेल. एडविनच्या तीनही कादंबऱ्या असमाधानकारक आहेत. 'द मॅरिओनेट'मधील साल्झबुर्गचा मंदबुद्धी मुलगा आणि त्याचा बाप यांची कथा सर्वांत घट्ट विणीची. 'पुअर टॉम'मध्ये ग्लासगोतील भावाच्या आजारपणाचा आणि मृत्यूचा अनुभव असूनही चिंतन कथेवर मात करते. पण याचा दोष अनुवादावर टाकता येत नाही. 'द मॅरिओनेट' ही कादंबरी जर्मनभाषक प्रदेशात राहिल्याशिवाय आणि तिथल्या गद्याच्या सहवासाशिवाय लिहिली गेली असती, असे तिची कोणतीही चार पाने वाचणारा म्हणणार नाही. त्याच्या कादंबऱ्यांपैकी सर्वांत कमी फसलेली कादंबरी हीच अनुवादकाची म्हणता येईल अशी आहे.

'पोटासाठी केले म्हणून दुय्यम' या युक्तिवादाला मराठी वाचकाने तरी बळी पडू नये. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'च्या अंकांची पाने भरत भरत आल्या. म्हणून त्या जोडधंदा ठरल्या नाहीत. निकड ही लेखनाची परिस्थिती असते, त्याची प्रत नव्हे.

४

परीक्षणाची अवहेलना अधिक सूक्ष्म आहे. 'द स्ट्रक्चर ऑफ द नॉव्हेल' ग्रंथरूपात असल्यामुळे आपण त्याला समीक्षा म्हणतो. 'द लिसनर'मधील बारा वर्षांच्या लेखनाला 'सदरलेखन' म्हणून बाजूला सारतो. वस्तुतः पहिल्याची किंमत दुसऱ्यामुळे समजते. पर्सी लबकचे 'द क्राफ्ट ऑफ फिक्शन' (१९२१) आणि ई. एम. फॉर्स्टरचे 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल' (१९२७) यांच्या पाठोपाठ आलेले म्यूरचे पुस्तक सिद्धान्ताच्या दृष्टीने फार भक्कम नाही. अवकाश आणि काळ यांची त्याने केलेली विभागणी कसोटीला लावताच सैल पडते. तरीही ते जिवंत वाटते, कारण त्यामागे पुष्कळ कादंबऱ्या प्रत्यक्ष वाचलेल्या माणसाची अस्वस्थता आहे. दृष्टिकोनाच्या एकाच तत्त्वावर सर्व कादंबरी तोलणाऱ्या लबकला तो जो विरोध करतो, तो तत्त्वज्ञाचा विरोध नाही. 'मी वाचलेल्या पुस्तकांना हे लागू पडत नाही' असे म्हणणाऱ्या परीक्षकाचा तो विरोध आहे.

ज्या वर्षी हे पुस्तक आले त्याच्या आधीची दोन-तीन वर्षे म्यूर फॉइश्टवांगरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या वाक्यावाक्याने उलटून पाहत होता. एखाद्या कादंबरीत काळ कसा पुढे सरकतो हे समीक्षकाला तर्काने कळते. अनुवादकाला प्रत्येक क्रियापदापाशी थांबून ठरवावे लागते. काळ हा नाट्यात्म कादंबरीचा गाभा आहे, ही म्यूरची कल्पना या टेबलावरून थेट आली असे सिद्ध करता येणार नाही. पण ती तिथून आलीच नाही असे गृहीत धरून चालणारी समीक्षा मात्र आपण बिनदिक्कत लिहितो.

५

आता मुख्य मुद्दा. 'एडविन म्यूरची कारकीर्द' हा शब्दप्रयोगच कितपत खरा आहे?

१९५३मध्ये विला म्यूरने आपल्या रोजनिशीत एक नोंद केली. तिचा आशय असा : आपण एडविनपेक्षा चांगल्या अनुवादक आहोत, यातले बहुतेक अनुवाद, विशेषतः काफ्काचे, आपण केलेले आहेत आणि एडविनने साहाय्य केले, परंतु पुरुषसत्ताक समाजाचा सारा प्रवाह या वस्तुस्थितीच्या विरुद्ध वाहतो, आणि आपण ओरडून सांगितले नाही म्हणून ती वाहून गेली. ही नोंद तिने प्रसिद्ध केली नाही. १९६८मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बिलाँगिंग' या आठवणींत मात्र ती वेगळे सांगते. पुस्तकाचे दोन भाग करायचे, एकेकाने एकेक भाग अनुवादायचा आणि मग एकमेकांचे काम बारीक फणीने विंचरावे तसे तपासायचे, अशी पद्धत तिथे वर्णिलेली आहे.

या दोन साक्षींपैकी कोणती खरी, असा प्रश्न विचारून अभ्यासक कोर्टकचेरी करीत बसले आहेत. हा प्रश्न मला गौण वाटतो. रोजनिशीतील विला हक्क सांगते आहे आणि आठवणींतील विला सहजीवनाचे स्मारक उभारते आहे. दोन्ही लेखनप्रकारांच्या गरजा निरनिराळ्या आहेत. महत्त्वाचे हे की एडविनच्या नावाचा गौरव करणाऱ्यांना ही साक्ष तपासण्याची गरजच भासली नाही. मुखपृष्ठावर दोन नावे होती, तरी वाचकांनी आणि समीक्षकांनी एकच वाचले. ज्याने कादंबरीवर ग्रंथ लिहिला आणि साप्ताहिकात ज्याचे नाव दिसत होते, त्याच्या खात्यावर अनुवाद जमा झाले. मूल्यश्रेणी इथे नेमके काय करते ते पाहण्यासारखे आहे. अनुवाद क्षुल्लक मानायचा आणि त्याचे श्रेय द्यायचे झाले तर प्रतिष्ठिताला द्यायचे. क्षुल्लक कामाचेसुद्धा श्रेय क्षुल्लक मानलेल्या व्यक्तीला मिळत नाही.

१९८०नंतर विलाचा 'शोध' लागला. 'इमॅजिन्ड कॉर्नर्स' पुन्हा छापली गेली, आणि १९९६मध्ये 'इमॅजिन्ड सेल्व्ज' या एका जाडजूड ग्रंथात तिच्या दोन्ही कादंबऱ्या आणि स्त्रीविषयक निबंधलेखन एकत्र आले. हे स्वागतार्हच होते. परंतु या पुनर्वसनाचा सूर काय? तर अनुवादाच्या हमालीने आणि नवऱ्याच्या कारकिर्दीने एका कादंबरीकर्तीचा बळी घेतला. म्हणजे एडविनविषयीचा जुना विलापच विलाच्या नावाने पुन्हा म्हटला गेला. अन्याय दूर करू पाहणाऱ्यांनीही उतरंड तशीच ठेवली. फक्त तिच्या वरच्या पायरीवर आणखी एकाला जागा मागितली. विलाने रोजनिशीत मागितले होते ते हे नव्हे. 'माझ्या कादंबऱ्या राहिल्या' अशी तिची त्या नोंदीतली तक्रार नाही. 'माझे अनुवाद माझे आहेत' असे तिचे म्हणणे आहे. तिला ज्या कामाचा अभिमान होता त्याच कामाला हमाली म्हणून तिची बाजू घेता येत नाही.

शिवाय 'इमॅजिन्ड कॉर्नर्स' अनुवादापासून वेगळी काढून वाचता येते का? काल्डरविक या स्कॉटिश गावात एलिझाबेथ शँड ही नवपरिणीता आहे. तिथे तिची नणंद परत येते. तिचेही माहेरचे नाव एलिझाबेथ शँडच आहे, पण आता ती एका जर्मन विद्वानाची विधवा असून स्वतःला एलीझ म्हणवते. एक नाव आणि दोन स्त्रिया. एकीचे आयुष्य गावच्या भाषेत अडकलेले, दुसरीचे परभाषेत जाऊन परत आलेले. आणि पहिलीला स्वतःचा अर्थ लागतो तो दुसरीच्या सहवासात. ही मांडणी कोणाला सुचेल? ज्या व्यक्तीने आपली सारी उमेदीची वर्षे एकच आशय दोन भाषांत दोन देहांनी कसा वावरतो हे पाहण्यात घालवली, तिला. अनुवादाने या कादंबरीचा वेळ घेतला असेल. आशयसूत्रही त्यानेच दिले आहे.

६

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घेतला पाहिजे. म्यूर दांपत्याचा काफ्का हा खरा काफ्का नाही, असे आता सर्वत्र म्हटले जाते. १९९८मध्ये मार्क हार्मनचा 'द कॅसल'चा नवा अनुवाद आला तेव्हा जे. एम. कुट्सीने लिहिलेल्या लेखात म्यूर दांपत्याच्या चुका, त्यांच्या जर्मनच्या मर्यादा आणि एडविनच्या धार्मिक अर्थनिर्णयनाचा अनुवादावर पडलेला प्रभाव यांची चिकित्सा केलेली आहे. १९३०च्या प्रस्तावनेत एडविनने या कादंबरीचे नाते बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'शी जोडले होते, हे खरे आहे. माक्स ब्रोटने संपादिलेल्या ज्या पहिल्या आवृत्तीवरून अनुवाद झाला ती अपुरी होती आणि राहिलेला मजकूर पुढे १९५४च्या इंग्रजी आवृत्तीत इतर अनुवादकांनी भरून काढला, हेही खरे आहे.

हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. कारण तो माझ्याच बाजूचा आहे. एडविनने काफ्काला रूपककथाकार म्हणून वाचले आणि ते वाचन शब्दनिवडीत उतरले, याचा अर्थ परीक्षक आणि अनुवादक हे एकच आहेत असा होतो. अनुवाद ही समीक्षा आहे, तिच्या गुणांसकट आणि तिच्या चुकांसकट. जे काम तांत्रिक, यांत्रिक, दुय्यम असते त्यात अर्थनिर्णयनाची चूक होऊ शकत नाही. टंकलेखकाची चूक होते; ती 'धार्मिक' नसते. कुट्सीने म्यूर दांपत्याला दिलेला मान हाच, की त्यांची चूक त्याने विचार म्हणून खोडून काढली.

आणि या दोघांना आपल्या कामाचे भान नव्हते असेही नाही. रूबेन ब्राउअरने संपादिलेल्या 'ऑन ट्रान्सलेशन' (१९५९) या ग्रंथात जर्मनमधून अनुवाद करण्याविषयी दोघांचे लेखन शेजारी-शेजारी आहे. एडविन काफ्काच्या शब्दक्रमाविषयी बोलतो. तो क्रम अर्थाचे वाहन नसून अर्थाचाच भाग आहे आणि तरीही इंग्रजीत तो मोडावाच लागतो, हा त्याचा पेच आहे. विला त्याच्या पुढे जाते. क्रियापद शेवटपर्यंत राखून ठेवणाऱ्या जर्मन वाक्याची ती एका लांबलचक आतड्याशी तुलना करते, आणि वाक्याची ही रचना बोलणाऱ्यांच्या विचारालाही अधिकारवाणीकडे आणि इच्छाशक्तीकडे झुकवते असे सुचवते. हे विधान भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकणार नाही. मराठी वाक्यातही क्रियापद शेवटीच येते, आणि आपल्यावर तो आरोप कोणी केलेला नाही. पण नाझी राजवटीत ज्यांचे लेखक देशोधडीला लागले, व्हिएन्नातून सुटलेल्या ब्रॉखला १९३८मध्ये ज्यांनी आपल्या घरी ठेवून घेतले, त्या अनुवादिकेचे हे विधान आहे. भाषेचा घाट आणि सत्तेचा घाट यांच्या संबंधांविषयी पुढे मोठमोठ्या परिभाषेत जे लिहिले गेले, त्याचा कच्चा मसुदा या चार पानांत आहे. अनुवादशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आपण कितीतरी नावे शिकवतो. हे नाव त्यांत सहसा नसते.

७

आता आपल्याकडे वळू. आपल्या विद्यापीठांतील 'जीवन आणि वाङ्मय' छापाच्या प्रबंधाची अनुक्रमणिका डोळ्यांपुढे आणावी. पहिले प्रकरण चरित्र, मग कवी, कथाकार, कादंबरीकार, नाटककार, त्यानंतर समीक्षक, आणि शेवटी, उपसंहाराच्या अलीकडे, 'संकीर्ण लेखन'. या संकीर्णात पुस्तकपरीक्षणे, प्रस्तावना आणि अनुवाद यांची यादी दिलेली असते. लेखकाने कोणत्या वर्षी काय अनुवादले आणि त्याच वर्षी स्वतः काय लिहिले हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहण्याची तसदी घेतली जात नाही. अनुवादासाठी साहित्य अकादेमीचा स्वतंत्र पुरस्कार १९८९पासून दिला जातो. पुरस्काराने अनुवादकाला व्यासपीठ मिळाले, वाङ्मयेतिहासात प्रकरण मिळाले नाही.

ही उतरंड मराठीला मुळात परकी आहे, हे विशेष. अर्वाचीन मराठी गद्य घडले तेच अनुवादाच्या मुशीत. 'रासेलस'चे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केले आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरे केले. आणि त्याच विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त लेखन, परीक्षण आणि भाषाचर्चा ही एकाच लेखणीने केली. पितापुत्रांच्या त्या कामात कोणते वाक्य कोणाचे, यावरून एकाला मूळ आणि दुसऱ्याला दुय्यम ठरवण्याचे कोणाला सुचले नाही. मग मध्ये काय घडले? 'प्रतिभा' नावाची एक एकांतवासी देवता आपण प्रस्थापित केली, आणि दोघांनी मिळून केलेले, दुसऱ्याच्या संहितेवर उभे असलेले, मुदतीत पुरे करायचे असलेले काम तिच्या देवळाबाहेर ठेवले.

याचा परिणाम केवळ श्रेयापुरता नाही. तो आपल्या समीक्षेच्या पायावरच होतो. पाश्चात्त्य प्रभावाची चर्चा आपण देशीवादाच्या बाजूने केली आणि विरुद्धही केली. पण ज्याला आपण काफ्काचा प्रभाव म्हणतो तो १९३०च्या दशकातील दोन स्कॉटिश माणसांच्या इंग्रजीचा प्रभाव किती, हे विचारायचे राहिले. एक उदाहरण पुरेसे आहे. काफ्काच्या सर्वांत प्रसिद्ध दीर्घकथेत ग्रेगोर ज्यात रूपांतरित होतो त्यासाठी जर्मन शब्द आहे 'उन्गेत्सीफर'. हे प्राणिशास्त्रातले नाव नाही. घरात नको असलेली, किळसवाणी, नायनाट करण्याजोगी जीवसृष्टी असा त्याचा अर्थ. आणि त्याची जुनी व्युत्पत्ती 'बळी देण्यास अयोग्य असा अपवित्र प्राणी' अशी दिली जाते. म्यूर दांपत्याने 'इन्सेक्ट' हा शब्द वापरला, आणि इंग्रजीतून वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सहा पायांचा कीटक उभा राहिला. मग तो झुरळ की भुंगा, अशी चर्चा सुरू झाली. जर्मनमधून थेट मराठीत येणाऱ्या अनुवादकाला मात्र एक शब्द हाताशी सापडला असता : 'अमेध्य'. यज्ञाला अयोग्य, म्हणून अपवित्र, म्हणून घाण. इंग्रजीकडे नसलेली ही पवित्र-अपवित्राची पूर्ण श्रेणी मराठीकडे आहे, आणि तिच्यासह येणारा विटाळाचा, कुटुंबाने आपल्याच माणसाला दाराआड ठेवण्याचा सामाजिक अनुभवही आहे. हा शब्द कथेच्या पहिल्या वाक्यात जसाच्या तसा बसेल असे नाही. पण त्याने अनुवादकाला दिशा दिली असती, आणि मराठी समीक्षकाला या कथेविषयी जगात कोणी न विचारलेला प्रश्न विचारता आला असता. आपण तो विचारला नाही, कारण आपण काफ्का वाचतो आहोत अशी आपली समजूत होती.

तीच गोष्ट 'द कॅसल'च्या नायकाची. त्याच्या पेशासाठी असलेल्या जर्मन नावाच्या मूळ क्रियापदात मोजणे आहे आणि मापात चुकणे, मर्यादा ओलांडणे हीही छटा आहे. मराठीत 'मोजणीदार' म्हटल्याबरोबर कचेरी, नकाशा, हद्दीचे दगड आणि वर्षानुवर्षे न लागणारा निकाल हे सारे महसुली विश्व उभे राहते. इंग्रजी 'सर्व्हेअर'मध्ये ते नाही. इंग्रजीवाटे आलेला काफ्का आपल्याला 'अस्तित्ववादी' वाटला. मोजणीदाराचा काफ्का कदाचित आपल्याला तालुक्याच्या ठिकाणी भेटला असता.

यावर असे म्हटले जाईल की जर्मन जाणणारे मराठी अनुवादक किती, आणि त्यांना वाचणार कोण? हा प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु संख्या मूल्यानंतर येते. ज्या कामाला पदोन्नतीत, प्रबंधात आणि इतिहासात किंमत नाही, त्यासाठी एखादी भाषा दहा वर्षे शिकण्यास कोण तयार होईल? अनुवादक कमी आहेत म्हणून अनुवाद दुय्यम राहिला, असे कारण दिले जाते. वस्तुस्थिती उलट आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो; तिन्ही साध्या आहेत. परभाषेतील लेखकाविषयी मराठीत लिहिताना तो कोणाच्या अनुवादातून वाचला हे सांगितल्याशिवाय त्याच्या शैलीविषयी विधान करू नये. लेखकाच्या कारकिर्दीचा अभ्यास वाङ्मयप्रकारांच्या कप्प्यांऐवजी निदान एका प्रकरणात तरी वर्षवार करावा, म्हणजे कथा, परीक्षण आणि अनुवाद एकमेकांशी काय बोलत होते ते ऐकू येईल. आणि अनुवादाचे परीक्षण 'ओघवता', 'मूळ वाटावा असा' या दोन विशेषणांवर न संपवता मूळ संहिता उघडून करावे. चूक दाखवावी, वादही घालावा. अनुवादकाला सौजन्याची गरज नाही. एडविन म्यूरच्या कादंबऱ्यांवर त्याच्या टीकाकारांनी जितकी कठोर टीका केली तितकी कठोर टीका विला म्यूरच्या वाट्याला तिच्या हयातीत, तिच्या नावाने आली असती, तर तिला रोजनिशीत ती नोंद करावी लागली नसती.